किनाऱ्याची निवड

हवापालटासाठीं समुद्रकांठचें गांव निवडणें हें आमच्या घरीं पूर्वीं फार तर अर्ध्या तासाचें काम असे. दिवाळीचा फराळ संपत आला कीं एखाद्या रात्रीं जेवणें झाल्यावर कोणी तरी विषय काढी, आणि हात वाळण्याच्या आंत निकाल लागे. निवडीच्या कसोट्या ठरलेल्या होत्या. मासे ताजे मिळतात कीं नाहीं, हा माझा प्रश्न. न्हाणीघर स्वच्छ आहे ना, हा पत्नीचा. देऊळ पायीं जाण्याइतकें जवळ आहे ना, हा आईचा. आणि मुलांचा प्रश्न एवढाच, कीं तेथें आपण मागें गेलों होतों काय? गेलेल्या गांवीं पुन्हा जाणें म्हणजे पाहिलेलें नाटक पुन्हा पाहणें, असें त्यांचें मत आहे. महाराष्ट्राला सातशें वीस किलोमीटरांचा किनारा आहे. ह्या चार प्रश्नांना पुरून उरेल असें एखादें गांव तेवढ्यांत कोठें तरी सांपडेच.

२०२० च्या डिसेंबरांत मात्र ह्याच कामाला आम्हांला तीन आठवडे लागले.

करोनाची साथ चालू असतां सहल कसली काढतां, असें विचारणारे स्नेही भेटलेच. प्रश्न रास्त होता, आणि त्याला माझ्यापाशीं जें उत्तर होतें तें सर्वांना पटेल असें नाहीं. २५ मार्चपासून आम्ही पांच माणसें पुण्यांतल्या तीन खोल्यांत कोंडून राहिलों होतों. मुलगा एका खोलींत कॉलेज भरवी, मुलगी दुसऱ्या खोलींत शाळा, मी स्वयंपाकघरांतल्या टेबलावर कचेरी. आणि कोणाच्याही पडद्यावर आपण दिसूं नये म्हणून आई भिंतीच्या कडेकडेनें चाले. सप्टेंबरांत तिची धाकटी बहीण मुंबईस वारली. इस्पितळांतून तिला परस्पर नेलें. पोटच्या मुलालाही दुरूनच पाहावें लागलें, मग पुण्याहून आमचें जाणें कोठलें? आईनें त्या दिवशीं स्नान केलें, देवापाशीं दिवा लावला, आणि नंतर तो विषय काढला नाहीं. दिवाळी झाल्यावर एके संध्याकाळीं ती एवढेंच म्हणाली, "मला एकदां समुद्रावर घेऊन चला रे." कोठें न्या असें तिनें जन्मांत कधीं म्हटलेलें मला आठवत नाहीं. तिचें वय अठ्ठ्याहत्तर, आणि मधुमेह वीस वर्षांचा जुना. जिला घराबाहेर काढूं नये अशी घरांत तीच एक, आणि जावयाचें तें तिच्यासाठींच!

सरकारची आडकाठी तोंवर उरली नव्हती. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठीं लागणारा परवाना २ सप्टेंबरला रद्द झाला होता. पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजीं, देवळांचीं दारेंही उघडलीं होतीं. पण कायदा जाऊं देतो म्हणून जावेंच असें थोडेंच आहे? मनाई होती तोंवर निर्णय सोपा होता. सरकारला दोष देऊन स्वस्थ बसतां येत होतें. परवानगी मिळाली, आणि विचार करण्याचें काम आमच्यावर येऊन पडलें.

कुटुंबाची सभा भरली. मुलीनें गोव्याचें नांव काढलें. गोव्यानें जुलैच्या दुसऱ्या तारखेपासूनच परप्रांतींच्या प्रवाशांना दार उघडलें होतें, आणि वर्षअखेरीस तेथें किती माणूस लोटत होतें तें वर्तमानपत्रांतलीं छायाचित्रें सांगतच होतीं. ज्या गर्दीच्या भयानें नऊ महिने घरांत बसलों तिचेंच दर्शन घेण्यासाठीं साडेचारशें किलोमीटर जाणें हा विनोद झाला असता. मुलाला तारकर्ली हवी होती. तेथें तोंडांत नळी धरून पाण्याखालचे मासे पाहतां येतात. ती नळी आदल्या दिवशीं कोणाच्या तोंडांत होती, एवढेंच पत्नीनें विचारलें, आणि तारकर्ली बुडाली. अलिबागचें नांव मीं काढलें. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसें नेणारी मोठी बोट १५ मार्च २०२० रोजीं सुरू झाली आणि पुढल्याच आठवड्यांत टाळेबंदीनें बंद पडली. काय तो मुहूर्त! पण ती पुन्हा चालू झाल्यावर अलिबाग मुंबईकराला तासाभरावर आलें, आणि नेमक्या त्याच कारणानें आम्हांपासून दूर गेलें. त्यांत २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दींत रात्रीची संचारबंदी लागली. तिचा हेतु चांगलाच होता; परंतु शहरांत नववर्ष साजरें करतां येत नाहीं असें कळल्यावर तें साजरें करणारे लोक कोठें जातील हें सांगावयास ज्योतिषी नको होता.

गुहागर मात्र सर्वांना पसंत होतें. लांबच लांब मोकळा किनारा, व्याडेश्वराचें देऊळ, आणि आईचें माहेर खाडीपलीकडे दाभोळच्या बाजूला. पण एव्हांना मुलानें नकाशा काढून त्यावर निराळ्याच खुणा करण्यास आरंभ केला होता. पूर्वीं तो नकाशावर किल्ले शोधी. आतां प्राणवायूची सोय असलेल्या खाटा कोठें आहेत तें शोधूं लागला. आजीचा श्वास रात्रीं दोन वाजतां अडला तर मोटारीनें किती वेळांत कोठें पोंचतां येईल, हें त्यानें प्रत्येक गांवापुढें पेन्सिलीनें लिहून ठेविलें होतें. सतरा वर्षांच्या मुलानें असा हिशेब करावा ह्याचें त्या वेळीं मला कौतुक वाटलें. पुढें तो कागद एकदां कपाटांत हाताला लागला तेव्हां तितकेंसें वाटलें नाहीं.

ह्या नकाशावर वांकून आम्ही गुहागर आणि चिपळूण ह्यांमधले तास मोजीत असतां पत्नीनें विचारलें, "हें सारें आपण आजारी पडलों तर. आपल्यामुळें तेथलें कोणी पडलें तर त्यांनीं काय करावयाचें?" आम्हांपाशीं मोटार होती, ओळखीचे डॉक्टर होते, बोटाला लावून रक्तांतला प्राणवायू मोजण्याचा चिमटाही होता. नकाशावरचें दीड तासाचें अंतर आमच्यासाठीं दीड तासाचें होतें. गांवांतल्या माणसाला रात्रीं वाहन मिळेपर्यंत त्याचे किती तास होतील, हें मुलाच्या पेन्सिलीला ठाऊक नव्हतें.

हा प्रश्न कांहीं २०२० सालीं नवा निघालेला नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवीच्या वस्तींत प्लेग आढळला, आणि पुढल्या कांहीं महिन्यांत लक्षावधि माणसें शहर सोडून गांवोगांव गेलीं. रोगही त्यांच्याबरोबर गेला. साथीच्या रोगांचा १८९७ सालचा कायदा त्याच धांदलींतला. २०२० च्या मार्चांत महाराष्ट्र सरकारला पेटींतून काढावा लागला तोही हाच, सव्वाशें वर्षांपूर्वींचा. शहरांतून येणाऱ्या माणसाच्या गांठोड्यांत काय असूं शकतें ह्याची आठवण गांवें सहजीं विसरत नाहींत. म्हणूनच उन्हाळ्यांत आणि पुढें गणपतींत कोंकणांतल्या गांवांनीं मुंबईच्या चाकरमान्यांस वेशीवर अडवून चौदा दिवस निराळे राहा म्हणून बजाविलें, तेव्हां शहरांतल्या कित्येकांनीं जीं नाकें मुरडलीं तीं मला आवडलीं नाहींत. गणपतीसाठीं सरकारनें अखेर दहा दिवसांवर तडजोड केली. पण ज्यांच्या मनिऑर्डरींवर घर चाललें त्या आपल्याच मुलांना शाळेच्या पडवींत निजविणें कोणत्या आईबापांना गोड वाटत असेल?

शिवाय आमच्या इमारतीनें तरी निराळें काय केलें होतें? टाळेबंदी लागतांच फाटकावर पाटी आली. भांडीं घासणाऱ्या बाईला ती लागू, इस्त्रीवाल्याला लागू, दूधवाल्याला लागू. आम्ही मात्र बाजारांत जाऊन यावें. आईनें हा सारा थाट पाहिला. दाराशीं ठेवलेली पादत्राणें, धुवून वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या, येतां जातां हातांवर घ्यावयाची ती उग्र वासाची धार. एके दिवशीं ती म्हणाली, "माझें सोंवळें तुम्हीं हंसून घालविलेंत, आतां तेंच बाटलींत भरून विकत आणतां होय?" आम्ही पुष्कळ हंसलों. परंतु जुन्या सोंवळ्यांत रोगाच्या भयापेक्षां माणसाचा विटाळ अधिक होता, आणि नव्या सोंवळ्यांत तो शिरणार नाहीं अशी खात्री फाटकावरची ती पाटी तरी देत नव्हती. भांडीं घासणाऱ्या बाईचा पगार आम्हीं चालू ठेविला. कित्येकांनीं तोही ठेविला नाहीं.

श्रीवर्धन तालुक्यांतल्या एका गांवीं चार वर्षांपूर्वीं आम्ही एका घरीं उतरलों होतों. पुण्याहून ताम्हिणी घाटानें गेल्यास साडेचार-पांच तास. घरापुढें अंगण, बाजूला दोन खोल्या पाहुण्यांसाठीं काढलेल्या, मागें नारळी-पोफळींची वाडी, आणि वाडी संपली कीं सुरूच्या झाडांतून समुद्र. घरांत मालक, त्यांची पत्नी, एक मुलगा आणि मालकांचे वडील. म्हातारबोवांचें वय तेव्हांच ऐंशीला टेकलें होतें. मुलांच्या नियमाप्रमाणें हें गांव बाद ठरतें. पण ह्या खेपेस नियमाची आठवण कोणी केली नाहीं. अनोळखी माणसांत जाण्यापेक्षां ओळखीच्या घरीं जाणें बरें, असें सर्वांनाच वाटूं लागलें होतें.

३ जून २०२० रोजीं ह्याच बाजूला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलें होतें. अलिबागच्या दक्षिणेस तें किनाऱ्याला लागलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं शंभर-एकशेंदहा किलोमीटरांचा होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर ह्या पट्ट्यांतल्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. कित्येक गांवांत पुढें आठवडेच्या आठवडे वीज आली नाहीं. बाजारांत नांवाजलेला श्रीवर्धनी रोठा ह्याच वाड्यांतला. पेशव्यांचें मूळ गांव म्हणून आम्ही पुणेंकर श्रीवर्धनचें नांव मोठ्या कौतुकानें घेतों. त्या जूनमध्यें तें आमच्यापैकीं किती जणांनीं घेतलें असेल कोण जाणे. पोफळ उंच आणि सडपातळ. एक पडली कीं शेजारणीला घेऊन पडते. जी उभी राहते ती आजूबाजूची सावली गेल्यामुळें उन्हानें भाजते. नवीन रोप लाविलें तर फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. सरकारनें फळबागांची मदत वाढवून हेक्टरीं पन्नास हजार रुपये केली. पण कोंकणांत वाडी हेक्टरांनीं मोजीत नाहींत, गुंठ्यांनीं मोजतात. आणि एका हेक्टरांत गुंठे शंभर. भागाकार वाचकांनींच करावा.

मीं फोन केला. मालकांनीं आवाज लगेच ओळखला.

"या कीं साहेब, केव्हांही या. वाडीचें आतां कांहीं उरलें नाहीं. ह्या दोन खोल्या आहेत, तीच आमची वाडी."

"बाबा कसे आहेत?" मीं विचारलें.

क्षणभर पलीकडून कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ते म्हणाले, "बरे आहेत. तुम्ही याल तेव्हां त्यांना मागल्या खोलींत ठेवूं. तुम्ही त्याची काळजी करूं नका."

ह्या उत्तरानें माझी त्या रात्रीची झोंप घालविली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्याच घरांत मागल्या खोलींत दडवून ठेवावयाचें, कां, तर आम्हांला समुद्र पाहतां यावा! आणि तें मालकांनीं किती सहज सांगितलें! प्रत्येक पाहुण्यासाठीं ते असेंच करीत असले पाहिजेत. त्यांनीं 'या' म्हटलें खरें. पण ज्याची वाडी पडली आहे, ज्याच्या खोल्या मार्चपासून रिकाम्या आहेत, त्याच्या 'या' ला होकार म्हणावयाचें काय? पत्नीनें तें माझ्यापेक्षां नेमकें सांगितलें. ती म्हणाली, "त्यांना विचारून उपयोग नाहीं. नाहीं म्हणणें त्यांना परवडत नाहीं. नाहीं म्हणावयाचें तर तें आपणच म्हटलें पाहिजे."

तसें म्हणणें सोपें होतें, आणि अंगाला न लागतां पुण्यवान् ठरण्याची सोयही त्यांत होती. आम्ही गेलों नाहीं म्हणजे म्हातारबोवा सुरक्षित राहिले. पण त्यांच्या औषधाचे पैसे त्याच खोल्यांतून यावयाचे होते. मग न जातांच भाडें पाठवून द्यावें, असें मीं सुचविलें. आई इतका वेळ वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "राहिल्याशिवाय दिलेलें तें भाडें नव्हे. ते घेणार नाहींत, आणि घेतलें तर तुला पुन्हा त्यांच्या दारीं उभें राहतां येणार नाहीं." थोड्या वेळानें तिनेंच वाट काढली. सोंवळें पाळावयाचें असेल तर तें येथूनच पाळून निघावें; तेथें जाऊन त्यांच्या म्हाताऱ्याला कां पाळावयास लावतां?

तेंच ठरलें. रोग अंगांत शिरल्यापासून तो प्रगट व्हावयास बहुधा पांच-सहा दिवस लागतात, क्वचित् चौदा. मधल्या दिवसांत नाकांतली तपासणी स्वच्छ आली तरी तिच्यावर विसंबतां येत नाहीं. म्हणून आम्हीं चौदा दिवस दार लावून घेतलें. गांवांनीं चाकरमान्यांना सांगितले होते तेच चौदा. वाणसामान आधींच भरलें. बाहेरचें माणूस घरांत नाहीं, घरचें माणूस बाहेर नाहीं. पंधराव्या दिवशीं तपासणी करून, निकाल हातीं येतांच, जानेवारीच्या अखेरीस एका सोमवारीं निघालों, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी टळेल. वाटेंत कोठें उतरावयास नको म्हणून दशम्या आणि चटणी बरोबर घेतली. मालकांना आधींच कळविलें होतें, कीं बाबांना कोठें हलवूं नका. आम्ही बाजूच्या खोल्यांत राहूं, जेवण अंगणांत घेऊं, तुमच्या माजघरांत पाऊल टाकणार नाहीं. भीति वाऱ्याची नव्हती, बंद खोलीची होती. आणि कोंकणांतल्या घरीं वाऱ्याला काय तोटा! ह्यानें धोका अगदीं नाहींसा झाला असें कोणी म्हणूं नये. जेवढा कमी करतां आला तेवढा केला, आणि त्याचा भार जमेल तितका आपल्या बाजूला ओढून घेतला, इतकेंच.

समुद्राचें वर्णन मी करीत नाहीं. तें पुष्कळांनीं केलेलें आहे. पहिल्या दिवशीं आईला दोन्ही बाजूंनीं धरून पाण्यापर्यंत नेलें. ओल्या वाळूंत पाय रुततांच तिनें आमचे हात सोडविले, पदर खोंचला, आणि घोट्याएवढ्या पाण्यांत उभी राहून उत्तरेकडे, मुंबईच्या दिशेला, तोंड केलें. ओंठ हालत होते. लाटांच्या आवाजांत तें काय होतें तें आम्हांला ऐकूं आलें नाहीं, आणि कोणी विचारलेंही नाहीं.

म्हातारबोवांची आणि तिची ओळख दुसऱ्या दिवशीं जमली. मध्यें वाडीचा गडगा. पलीकडे ते बाकावर, अलीकडे ती खुर्चीवर, आणि दोघांनाही थोडें कमी ऐकूं येत असल्यामुळें त्यांचें संभाषण सगळ्या आळीला ऐकूं जाई. वाडी कोठून कोठपर्यंत होती, कोणती पोफळ किती वाजतां पडली, हें ते काठीनें दाखवून सांगत. पडलेलीं खोडें अद्याप एका कडेला रचलेलीं होतीं. मोकळ्या जागेंत केळी लावल्या होत्या आणि त्यांच्या सावलींत पोफळीचीं हातभर उंचीचीं रोपें. आईनें विचारलें, "हीं धरतील केव्हां?"

"सात वर्षें तरी पाहिजेत, वहिनी. आजोबांनीं लावलेल्या पडल्या, आतां नातवासाठीं लावल्या. मधल्यामध्यें मी आपला पाणी घालणारा."

शुक्रवारीं सकाळीं निघतांना त्यांनीं जुन्या झाडांच्या सुपाऱ्यांची एक पुरचुंडी गडग्यावर ठेवली आणि स्वतः चार पावलें मागें सरले. पत्नीनें पिशवींतली बाटली काढण्यासाठीं हात घातला. पण तोंवर आईनें पुरचुंडी उचलून कमरेला खोंचलीही होती.

एप्रिलांत साथ दुसऱ्यानें उसळली आणि सारें पुन्हा बंद झालें. मालकांच्या खोल्या पुन्हा रिकाम्या पडल्या. १६-१७ मेच्या सुमारास तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाजूनें गुजराथेकडे गेलें, तेव्हां दोन दिवस त्यांचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशीं लागला. घरावरचे पत्रे उडाले होते, एक नारळ पडला होता. मीं रोपांचें विचारलें.

"रोपें आहेत," ते म्हणाले. "हातभर झाड, वारा वरूनच गेला." आणि मग पलीकडून म्हातारबोवांचा मोठा आवाज आला; वहिनींना लस मिळाली काय, असें ते विचारीत होते. पहिली टोंचली आहे, दुसरीची वाट पाहत आहों, असें मीं सांगितलें. त्यांचेंही तसेंच होतें.